घटाची वात

२८ मे, बुधवार

नीलाला काल सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणलं. कैवल्य परत हैदराबादला नोकरीवर जाताना बजावून गेला, "बाबा, औषधं, रक्तदाब, सगळं रोज लिहून ठेवा." म्हणून पतसंस्थेची फुकट आलेली डायरी काढली. पण नुसते आकडे मांडायला मी काही कंपाउंडर नाही. जन्मभर मराठी शिकवलं, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. हातात पेन आलं की चार ओळी जास्त होणारच.

तर हकीकत अशी. या महिन्याच्या सुरुवातीला नीला देवापुढं वाती वळत बसली होती. कापूस तिच्या उजव्या हातातून गळून पडला. उचलायला गेली तर हात उठेना. मला हाक मारली ती अशी जड जिभेनं, की मला वाटलं तोंडात काही खात असेल. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. आता उजवा हात लोंबतो, उजवा पाय ओढत टाकते, बोलणं सावकाश आणि तुटक झालंय. डोकं मात्र लख्ख आहे, देवीची कृपा.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, मेंदूचा तेवढा भाग मेला तो मेलाच, पण शेजारचा भाग त्याचं काम शिकून घेतो. पहिले तीन-चार महिने फार मोलाचे. मी म्हटलं, "समजलं. एखादा मास्तर रजेवर गेला की शेजारच्या वर्गाचा मास्तर त्याचे तास घेतो, तसंच ना?" तो हसला. "अगदी तसंच. फक्त वर्ग भरला पाहिजे, सर."

असो. या बाईनं उभा जन्म माझं केलं. माझं ताट मी कधी उचललं नाही. आता तिनं काडीसुद्धा उचलायची नाही, हे मी भवानीच्या साक्षीनं ठरवलंय.

२ जून, सोमवार

चहा केला. दोनदा उतू गेला, तिसऱ्यांदा जमला. भात खाली लागला. नीला दारात खुर्ची टाकून बघत होती. मी भांडं फडक्यानं उतरवायला गेलो आणि हात भाजला, तर ही उठायला लागली. भिंत धरून, डाव्या हातात सांडशी घेऊन.

"राहू द्या. मी... करते."

"तू बस," मी म्हटलं आणि तिला परत खुर्चीत बसवलं. आजारी माणसाला कामाला लावलं तर लोक तोंडात शेण घालतील. आणि लोकांचं जाऊ दे, मलाच कसंतरी होतं.

१३ जून, शुक्रवार

व्यायाम करून घेणारी मुलगी आजपासून सुरू झाली. सृष्टी नाव. माकणीच्या शेतकऱ्याची पोर, धरणाच्या कडेला यांचं रान आहे म्हणे. लातूरला शिकली, आता इथं तुळजापुरात खोली घेऊन राहते आणि स्कूटीवर घरोघर जाते. पोर चुणचुणीत आहे, पण तिची पद्धत मला पटली नाही.

तिनं काय करावं? नीलाचा चांगला, डावा हात जुन्या पायमोज्यात घालून ओढणीनं पोटाशी बांधून टाकला. म्हणे, "रोज दुपारपर्यंत असाच ठेवायचा. चांगला हात मोकळा असला की आजारी हात आळशी होतो. काकूनं उजव्यानंच खायचं. सांडलं तर सांडू द्या. सर, तुम्ही मधी पडायचं न्हाय."

नीलानं उजव्या हातानं घास उचलायचा प्रयत्न केला. वरणभात पदरावर, मांडीवर, जमिनीवर. तोंडापर्यंत शितं पोचली ती दोन-चार. एवढी टापटिपीची बाई, कुणाकडं जेवायला गेली तर पानाखाली शीत सापडायचं नाही. मला बघवलं नाही.

सृष्टीची स्कूटी कोपऱ्यावर वळली तशी मी ओढणी सोडली आणि तिला माझ्या हातानं भरवलं. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. चार-पाच घास झाले आणि तिनं तोंड फिरवलं. पोट भरलं असावं.

२० जून, शुक्रवार

आज पोरीनं विचारलं, "काकू, आजाराच्या आधी हातानं सगळ्यात जास्त काय करत होता?" मी म्हणणार होतो स्वयंपाक. नीला म्हणाली, "वाती."

खरंच आहे. आमच्या गल्लीत नीलाच्या वातीला नाव होतं. दुधाचं बोट लावून मांडीवर वळलेली, सुईसारखी. नवरात्रात घटापुढच्या अखंड दिव्याची लांब वात तर ती स्वतः सोडून कुणाला करू द्यायची नाही. सासूबाईंनी तिच्या हाती दिलेलं काम ते.

सृष्टीनं लगेच ठरवून टाकलं. रोज उजव्या हातानं पाच वाती. कशाही होवोत, डब्यात टाकायच्या. शुक्रवारी ती डबा तपासणार आणि बोटं कितपत वळताहेत ते बघून पुढचा व्यायाम ठरवणार. "अन् घटस्थापनेला काकू, घटाची वात तुमच्याच हातची. बोला, व्हय का न्हाय?"

नीला म्हणाली, "व्हय." सृष्टीच्याच चालीवर. आजारानंतर पहिल्यांदा थट्टा केली तिनं. मला इतकं बरं वाटलं की त्या पोरीला परत एकदा चहा करून पाजला.

२३ जून, सोमवार

कमानवेशीतल्या दुकानातून चांगला कापूस आणून दिला. पहिली वात करायला सकाळ गेली. अंगठा हलतो, तर्जनी थोडी दुमडते, बाकीची बोटं नुसती बघ्याची भूमिका घेतात. झालेली वात म्हणजे मांजरानं चघळून टाकलेला कापूस. मी हसलो. तीही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

इथवर ठीक होतं. संध्याकाळी तिनं हट्टानं तीच वात देवापुढं लावायला सांगितली. तडतड तडतड करून दिवा विझला. परत लावला, परत विझला. नीलाचा चेहरा असा उतरला की काय सांगू. "विझला?" एवढंच म्हणाली. भरल्या घरात दिवा विझणं तिला किती लागतं ते मला माहीत आहे.

२७ जून, शुक्रवार

आज तपासणी. डब्यातल्या वाती बघून ही पोर नीलाला काय म्हणेल, याचीच मला धास्ती. म्हणून सकाळी नीला आंघोळीला गेली तेव्हा डबा उघडला आणि सगळ्या वातींना पुन्हा पीळ दिला, टोकं नीट केली. मास्तरकीची जुनी खोड. इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी कच्च्या पोरांच्या वह्या आम्ही अशाच नीटनेटक्या करून घ्यायचो. त्यात फसवणूक कसली? पोराला शाबासकी मिळते आणि शाबासकीनं पोर पुढं शिकतं.

सृष्टी खूश. "वा काकू! एका आठवड्यात एवढं?"

नीलानं डब्यात बघितलं. मग माझ्याकडं. हसली असावी. तोंडाची उजवी बाजू अजून साथ देत नाही, त्यामुळं नीट कळत नाही.

१२ जुलै, शनिवार

आता टोकं नीट करण्यापेक्षा सरळ नवीनच वळतो. तिच्या वातींचा कापूस मोकळा करून त्याच्याच करतो, म्हणजे पूर्ण खोटंही नाही. सुरुवातीला माझ्या जाड बोटांना जमेना. आता दुधाचं बोट लावलं, तळवा मांडीवरून पुढं सारला, की वात तयार. भाकरीही फुगायला लागली. कैवल्यनं फोनवर एक चित्रफीत पाठवली. मेंदू म्हातारपणीसुद्धा नवीन वाटा पाडतो, फक्त रोज त्या वाटेनं चालावं लागतं, असं त्यात सांगितलंय. मी त्याला म्हटलं, दुसरीकडं कशाला शोधतोस, तुझा बाप बघ.

भांडी घासायला येणारी जगदेवी मला वाती वळताना बघून पदर तोंडाला लावून हसली. "सर, दुखणं काकूला आन् गुण तुमच्या हाताला आला बघा!" मीही हसलो. ही बाई बोलण्यात कुणाला हार जायची नाही.

नीला आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं असेल.

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची आवस

घरातले सगळे दिवे चिंचेनं घासून पाटावर मांडले. समया, निरांजनं, लामणदिवा, आईची पितळी दिवली. सगळ्यांत माझ्या वाती. एकही तडतडली नाही. शेजारच्या शिवकांताबाई दर्शनाला आल्या, म्हणाल्या, "काकू, हात पहिल्यासारखा झाला की तुमचा!" मी म्हटलं, "मेहनत आहे तिची."

नीला दिव्यांकडं बघत बसली होती. पुरणाची दिंडं मी पहिल्यांदाच केली होती, तिनं शिवलीसुद्धा नाहीत. बाई गेल्यावर म्हणाली, "कापूस... द्या. मी करते."

"आज सणाच्या दिवशी कशाला? दमशील. उद्या कर."

"उद्या," ती म्हणाली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सृष्टीला आज थोडी शंका आली. नीलाची बोटं हातात घेऊन वाकवून बघत होती. "सर, खांदा, कोपर मस्त सुटलंय. पण बोटं माझ्यासमोर एवढी ताठ का? वाती तर इतक्या बारीक."

मी म्हटलं, "बुजते ती. घरात छान करते, परक्यासमोर नाही होत. आमची पोरं नाही का, घरी पाढे धडाधडा आणि साहेब समोर आला की मुकी."

सृष्टीनं नीलाला विचारलं, "व्हय का काकू?"

नीला बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग मान हलवली, हो म्हणून. मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात हिनं चारचौघांत मला कधी खाली पाहू दिलं नाही. आजारातही तिचा तो स्वभाव गेला नाही.

सृष्टी म्हणाली, मग हाताची काळजी नाही, आता सगळा जोर पायावर देऊ. उमरग्याला एका दवाखान्यात तिला काम मिळालंय, त्यामुळं दर आठवड्याला जमायचं नाही. पायाचे व्यायाम लिहून दिलेत. जाताना म्हणाली, "घटाची वात बघायला मी येणार बरं का." एक लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

३० ऑगस्ट, शनिवार

पाय चांगला सुधारतोय. काठी घेऊन अंगणापर्यंत जाते.

हाताची मूठ मात्र मिटलेलीच असते हल्ली. नखं तळव्यात रुततात. आज बोटं एकेक करून उघडली आणि नखं कापली. तळव्याला घामट वास येत होता, कोमट पाण्यानं पुसून घेतला. उघडताना तिला दुखलं. ओठ दातात धरला तिनं. मुठीत मऊ रुमालाची गुंडाळी ठेवून दिलीय. विश्रांती मिळाली की सैल होईल. कापूस मागायचं तिनं आता सोडलंय. मीच आग्रह करत नाही. डबा तर मी भरतोच आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

आजपासून देवीची निद्रा. घट बसेपर्यंत आई पलंगावर झोपणार. देवीच्या गादीचा कापूस वेचायला गावातल्या बायका जमतात. नीला दरवर्षी जायची. यंदा मला म्हणाली, "मला... न्या."

मी म्हटलं, एवढ्या गर्दीत कुठं? आणि तिथं बसून करणार काय? हे दुसरं वाक्य बोलायला नको होतं.

बाजारातून परत आलो तर देवघरात जमिनीवर सगळा कापूस पसरलेला. नीला भिंतीला टेकून बसलेली, डावा हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरलेला, उजवी मूठ कापसावर. जगदेवी म्हणाली, "तुम्ही गेल्यापासून असंच चाललंय. म्या उचलू लागले तर मला हात लावू देईनात."

मी खाली बसलो, कापूस गोळा केला. "अगं, मी आहे ना!"

"तुम्ही आहातच की," नीला म्हणाली.

तिचा स्वर मला नीट कळला नाही. थकली असेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सृष्टी आली. पेढे घेऊन आली होती.

आल्या आल्या म्हणाली, "चला काकू, घटाची वात माझ्यासमोर करा. मला फोटो काढायचाय." मी म्हटलं, "अगं, ती आज दमलीय, वात तयारच आहे," आणि डबा पुढं केला. त्यात मी कालच वळलेली लांब वात गुंडाळून ठेवली होती. तिनं डबा बाजूला ठेवला. कापसाचा पेळू नीलाच्या उजव्या हाताजवळ नेला.

मूठ उघडली नाही.

सृष्टीनं रुमालाची गुंडाळी काढली. बोटं सरळ करायला गेली तशी नीला कळवळली. सृष्टीनं तिचा हात हळूच खाली ठेवला आणि डब्यातल्या वातींकडं बघत राहिली. "काकू, ह्या वाती कुणी केल्या?"

आजही नीलानं माझं नाव घेतलं नाही. ते मलाच घ्यावं लागलं.

"मी. म्हणजे आधी नुसत्याच नीट करत होतो."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

मला वाटलं ती ओरडेल. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही, पण बोलणं तिच्या गावचं झालं. "सर, ह्या डब्याकडं बघून मी काकूचा हात सोडून दिला. माझी बी चूक हाय. बोटं ताठ लागत हुती तवाच मी हटून बसायला पायजे हुतं. तुमच्या शब्दावर गेले." मग म्हणाली, "आमच्याकडं एखाद्यानं रान पडीक ठेवलं की शेजारचा हळूच त्यात नांगर घालतो. मेंदूचं तसंच असतंय. बोटांची जागा हुती तितं. बोटं कामालाच आली न्हायती, मग ती जागा दुसऱ्यानं वाहून घेतली. ते पहिले महिने सोन्याचे हुते, सर."

"आता?"

"मूठ थोडी सैल होईल. दुखणं कमी करता येईल. पण वात..." पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी नीलाला विचारलं, "तू तिला सांगितलं का नाहीस? निदान मला तरी?"

ती सावकाश म्हणाली. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, आज मी मधे बोललो नाही. "त्या पोरीसमोर... तुम्हाला खोटं पाडू?"

"आणि माझ्याजवळ?"

"म्हणत होते की. मी करते... मी करते." जरा थांबली. "तुम्ही इतके खूश होता. भाकरी फुगली की... मला दाखवायला आणायचा. मला वाटलं, असू दे."

मी तिच्या पायाशी बसून रडलो. नोकरीत असताना शाळेत एक मास्तर होता, पोरांच्या हाताला धरून गिरवून घ्यायचा. पोरं कधी लिहायला शिकलीच नाहीत. सगळे त्याला हसायचे, मीही हसायचो. मी त्याच्याहून वाईट निघालो. मी तिच्या हातातली पाटीच काढून घेतली. आणि वर याला सेवा म्हणत होतो.

तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. उजवा मांडीवर तसाच होता.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

पाऊस थांबायला तयार नाही. परंडा-भूमकडून पुराच्या बातम्या येताहेत. पहाटे देवळाकडून संबळ ऐकू आली. आई निद्रेतून उठून सिंहासनावर बसली.

डब्यातल्या सगळ्या वाती, घटासाठी केलेलीसुद्धा, काल जगदेवीला चुलीत घालायला लावल्या. पत्रावळीवर माती पसरली, धान्य पेरलं, घट बसवला. मग नवा कापूस घेऊन नीलासमोर बसलो. सृष्टीनं पहिल्या दिवशी बांधला होता तो पायमोजा आणि ती ओढणीही शोधून काढली होती.

"आज तू कर," मी म्हटलं. "सांडू दे, तुटू दे. दिवस गेला तरी चालेल. मी मधे येणार नाही. दिवा तडतडला तर तडतडू दे."

नीलानं कापसाकडं बघितलं. डाव्या हातानं तिनं उजवी मूठ उचलली, पेळूवर ठेवली. बराच वेळ आम्ही दोघं त्या मुठीकडं बघत होतो. अंगठा जरासा थरथरला, जूनमध्ये हलायचा तेवढाही नाही. बाहेर मुहूर्त टळत चालला होता.

मग तिनं मूठ उचलून परत मांडीत घेतली, पदर सारखा केला आणि भिंतीला टेकली.

"तुम्हीच करा," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात. "मी बसते."

मी दुधाचं बोट लावलं आणि कापूस मांडीवर घेतला. डोळ्यांना पाण्यानं काही दिसत नव्हतं, पण बोटांना बघायची गरजच नव्हती. लांब, बारीक, कुठंही गाठ नसलेली वात वळून झाली. घटापुढं दिवा लावला. अजून जळतोय. एकदासुद्धा तडतडला नाही.